बाबासाहेबांच्या शेवटच्या ग्रंथाची वाटचाल



आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते, आणि खाली फळीवर एक जाडजूड ग्रंथ असतो. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. वर्षावास सुरू झाला की आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात संध्याकाळी त्याचं वाचन लागतं. म्हाताऱ्या आया-बाया पांढरी लुगडी नेसून पुढे बसतात, पोरं मागे चुळबुळ करतात, वाचणारा वाचत राहतो. वाचन संपलं की ग्रंथ पुन्हा पांढऱ्या कापडात बांधून ठेवला जातो.

या ग्रंथातल्या बुद्धाबद्दल आपण दरवर्षी ऐकतो. पण हा ग्रंथ लिहिला कसा गेला, छापला कसा गेला, तो लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्यात या ग्रंथाची वाट किती लांब होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? विहाराच्या या स्मरणिकेत बाबासाहेबांचं चरित्र द्यायचं ठरलं, तेव्हा आम्ही विचार केला की जन्म, शिक्षण, महाड, पुणे करार, संविधान हा क्रम सर्वांना पाठ आहे. म्हणून त्यांचं आयुष्य आज या एका ग्रंथाच्या वाटेने सांगावं.

ही वाट सुरू होते ती मुंबईच्या परळमधल्या चाळीतून. सुभेदार रामजी कबीरपंथी होते. घरात भजन, पाठ, शिस्त होती. रोज संध्याकाळी मुलांनी रामायण-महाभारत वाचावं असा त्यांचा दंडक होता. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या शाळकरी दिवसांत परीक्षेतल्या यशाबद्दल वस्तीतल्या लोकांनी त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. आज पोरगं दहावी पास झालं की आपण चौकात फलक लावतो. त्या वेळी आपल्या समाजात एवढं शिकलेलं पोर दिसणं हीच मोठी नवलाई होती. पण सुभेदार तयार होईनात. पोराच्या डोक्यात हवा जाईल, अशी त्यांना धास्ती. शेवटी लोक गेले कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे. केळुसकर गुरुजी म्हणजे विद्वान माणूस आणि सुभेदारांचे स्नेही. त्यांनी समजूत घातली, तेव्हा कुठे सत्कार झाला.

त्या सत्कारात केळुसकर गुरुजींनी भीमरावांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. सत्कारातली शाल विरते, हार सुकतो. हे पुस्तक मात्र त्या मुलाच्या मनात जन्मभर राहिलं. ते वाचून त्याने वडिलांनाच सवाल केला की आम्हाला हे का नाही वाचायला दिलं? ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हेटाळणी पुन्हा पुन्हा येते, तेच का वाचायला लावता? सुभेदारांना असा उलट प्रश्न आवडला नाही. पण मुलगा हटला नाही. पुढे काही दिवसांनी वडिलांनी त्याला समजावलं की आपण खालच्या मानलेल्या जातीतले, म्हणून मनात न्यूनगंड येऊ नये, हलक्या मानलेल्या घरातला माणूसही केवढा मोठा होतो हे कळावं, यासाठी या कथा वाचायच्या. भीमरावांचं त्याने समाधान झालं नाही. बाबासाहेबांनीच पुढे ही हकिगत लिहून ठेवली, आणि बुद्धाकडे आपण वळलो ते या पुस्तकामुळे, असं सांगितलं. म्हणजे बघा, १९५६ च्या धर्मांतराचं बीज पन्नासएक वर्षं आधी एका भेट मिळालेल्या पुस्तकात पडलं होतं.

बीज पडलं म्हणजे लगेच झाड होत नाही. मध्ये केवढा काळ गेला! अमेरिका, लंडन, बडोद्याची अवहेलना, महाडचा सत्याग्रह, नाशिकचं काळाराम मंदिर, गोलमेज परिषद. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पण जायचं कुठे, हे लगेच सांगितलं नाही. लोक निरनिराळ्या धर्मांचे निरोप घेऊन येत होते आणि बाबासाहेब वाचत होते. १९४६ साली मुंबईत महाविद्यालय काढलं, त्याला नाव दिलं सिद्धार्थ. औरंगाबादला काढलं, तेही पुढे मिलिंद झालं. ज्याच्या कानाला कळतं त्याने ओळखावं की हा माणूस कुठे निघाला आहे! १९४८ साली त्यांनी दक्षिणेतले थोर बौद्ध विद्वान पी. लक्ष्मी नरसू यांचं बौद्ध धम्मावरचं जुनं इंग्रजी पुस्तक प्रस्तावना लिहून पुन्हा छापवून घेतलं. स्वतःचं पुस्तक तयार व्हायच्या आधी दुसऱ्याचं चांगलं पुस्तक लोकांपुढे ठेवायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता स्वतः ग्रंथ लिहायचा, हा विचार पक्का कधी झाला? १९५० साली कलकत्त्याच्या महाबोधी सोसायटीच्या मासिकाच्या वैशाख अंकात त्यांचा एक लेख आला. विषय होता बुद्ध आणि त्याच्या धम्माचं भवितव्य. त्यात त्यांनी एक अगदी व्यवहाराची अडचण मांडली. बौद्ध साहित्य म्हणजे समुद्र आहे. सामान्य माणूस, दिवसभर गिरणीत नाहीतर शेतात राबणारा, तो एवढे ग्रंथ कधी वाचणार? ख्रिश्चनांच्या हातात एक बायबल असतं, मुसलमानांच्या हातात एक कुराण असतं. बौद्ध होऊ इच्छिणाऱ्याच्या हातात काय द्यायचं? एकच, सुटसुटीत, घरोघरी ठेवता येईल असा ग्रंथ हवा. हे काम कोणीतरी करायला हवं, असं लिहून ते थांबले नाहीत, ते काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं.

सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. सरकारी बंगला सुटला आणि दिल्लीतच २६, अलीपूर रोड या घरात ते राहायला गेले. खुर्ची गेली, पण लेखणी मोकळी झाली. ग्रंथाचं लेखन १९५१ मध्येच सुरू झालं. सुरुवातीला त्याला इंग्रजीत नाव दिलं होतं ‘द बुद्ध अँड हिज गॉस्पेल’. त्या खर्ड्याच्या पन्नास प्रती छापून त्यांनी जाणकारांकडे पाठवल्या. एवढा मोठा पंडित, पण छापायच्या आधी दहा जणांनी वाचावं, चुका दाखवाव्या, ही त्यांची रीत. पुढे नाव बदललं. ‘गॉस्पेल’ जाऊन ‘धम्म’ आला. हा बदल लहान नाही. धर्म आणि धम्म यांत फरक काय, यासाठी तर ग्रंथात पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. ईश्वर, पूजा, यज्ञ म्हणजे धम्म नव्हे. माणसाने माणसाशी कसं वागावं, हे सांगतो तो धम्म!

लिहिणं चालू होतं, पण शरीर साथ देत नव्हतं. मधुमेह जुना, पाय दुखायचे, नजर अधू होत चाललेली. काठीशिवाय, कुणाच्या खांद्याच्या आधाराशिवाय चालणं अवघड. मधूनमधून तब्येत इतकी ढासळायची की डॉक्टरही आशा सोडत. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. त्या आणि मुंबईचे डॉ. मालवणकर यांनी औषधपाणी सांभाळलं. दिवसा सरकारी नोकरी करून संध्याकाळी नानकचंद रत्तू अलीपूर रोडला येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करीत. दुसरे सहायक प्रकाशचंद. या दोघांनी एक पैसाही न घेता ते सारं हस्तलिखित टाइप केलं. छपाईची मुद्रितं तपासायचं किचकट काम म. भि. चिटणीस यांनी मन लावून केलं. ग्रंथावर नाव एकाचं असतं, पण त्यामागे किती जणांच्या रात्री जळतात, हे आपल्या तरुण पोरांनी ध्यानात ठेवावं.

त्यातच राजकारण. १९५२ ला मुंबईत लोकसभेला पराभव, १९५४ ला भंडाऱ्यात पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. बाबासाहेब १९५४ च्या डिसेंबरात ब्रह्मदेशात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, परत आल्यावर २५ डिसेंबरला देहू रोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, आणि पुन्हा टेबलाशी बसले.

ग्रंथ कसा लिहिला तेही सांगायला हवं. बाबासाहेबांनी प्रस्तावनेत अगदी साधेपणाने कबूल केलं आहे की यात आपलं नवं असं काही असेल तर ती मांडणी आहे. साधेपणा आणि स्पष्टता एवढ्यावरच त्यांनी हक्क सांगितला. अश्वघोष या प्राचीन कवीच्या ‘बुद्धचरिता’चं ऋण त्यांनी मोकळेपणी मान्य केलं. सिद्धार्थाच्या जीवनातले काही प्रसंग सांगताना आपण त्या कवीची भाषाही घेतली, असं लिहून ठेवलं. आज दुसऱ्याचं चार ओळी उचलून स्वतःच्या नावावर खपवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हे जरूर वाचावं.

पण मांडणी म्हणजे नुसती जुळवाजुळव नव्हती. आपण ऐकत आलो की सिद्धार्थाने म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि घर सोडलं. बाबासाहेबांच्या चिकित्सक बुद्धीला हे पटेना. एकोणतीस वर्षांच्या तरुणाने तोवर म्हातारा माणूसच पाहिला नव्हता, हे कसं शक्य आहे? मग त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याची हकिगत पुढे आणली. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून तंटा झाला. शाक्यांच्या संघाने युद्ध ठरवलं, सिद्धार्थाने विरोध केला. बहुमत विरुद्ध गेलं. युद्धात उतरायचं नाही आणि आपल्यामुळे घरच्यांवरही आपत्ती येऊ द्यायची नाही, म्हणून त्याने स्वतःहून देश सोडला, परिव्रज्या घेतली. महाडला पाण्यासाठी लढलेल्या माणसाने पाण्याच्या तंट्यातून बुद्धाचं घर सोडणं समजून घेतलं! ही ओळ कोणी पुस्तकात लिहिली नसेल, पण विहारात ऐकणाऱ्या आमच्या आया-बायांना ती आपोआप कळते.

अशाच आणखी तीन अवघड प्रश्नांना त्यांनी हात घातला. चार आर्यसत्यांचा अर्थ माणसाला निराश करणारा आहे का? आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म यांचं काय? आणि भिक्खू कशासाठी, स्वतःच्या मुक्तीसाठी की लोकांच्या सेवेसाठी? सारा ग्रंथ आठ खंडांत, लहान लहान भागांत, क्रमांक घातलेल्या वाक्यांत लिहिला. सांजवेळी विहारात एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, उद्या कुठून सुरू करायचं ते आकड्यावरून सापडावं. वाचणारा फार शिकलेला नसला तरी अडत नाही. कोणासाठी लिहितोय, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

१९५६ उजाडलं तसा ग्रंथ पुरा होत आला. त्या वर्षी बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षं पूर्ण होत असल्याचा मोठा उत्सव देशभर होता. ग्रंथ त्याच वर्षी निघावा, ही त्यांची तळमळ. पण छापायला पैसा कुठला? मार्चमध्ये त्यांनी टाटांच्या ट्रस्टकडे मदतीसाठी लिहिलं. तिथून ३००० रुपये मिळाले. एकूण खर्च होता सुमारे २०,००० रुपये. त्या काळचे वीस हजार! १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. सरकारने ५०० प्रती विकत घ्याव्यात आणि ग्रंथालयांना व जयंतीसाठी येणाऱ्या परदेशी विद्वानांना द्याव्यात, एवढीच विनंती. फुकट काही मागितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र जयंती समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवत आहोत, उत्सवाच्या दिवसांत ग्रंथ विक्रीला ठेवावा. या सगळ्यातून हाती काही लागलं नाही. ज्याने देशाच्या संविधानाचा मसुदा घडवला, त्याच्या ग्रंथाच्या पाचशे प्रती सरकारला जड झाल्या. आम्ही हे कडवटपणाने सांगत नाही. पण ग्रंथाला हात लावताना ही गोष्ट विसरू नये, म्हणून सांगतो.

या पत्रानंतर बरोबर एक महिन्याने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी धम्म घेतला. १६ तारखेला चंद्रपूर. नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, तिथे बुद्ध आणि मार्क्स यांवर भाषण. परतताना सारनाथ, कुशिनारा. महिन्याच्या अखेरीस ते थकून दिल्लीला आले. लोकांनी धम्म घेतला होता, पण ज्या ग्रंथातून तो शिकायचा तो अजून छापखान्यातच होता.

५ डिसेंबरची रात्र. रत्तू नेहमीप्रमाणे आले. बाबासाहेबांना बरं वाटत नव्हतं. रत्तूंनी पाय चेपले, डोक्याला तेल लावलं. काही जैन मंडळी भेटून गेली. मग बाबासाहेबांनी बुद्धवंदना गुणगुणली, थोडंसं जेवले, कबीराचं पद गुणगुणत झोपायच्या खोलीत गेले. लहानपणी परळच्या चाळीत ऐकलेला कबीर शेवटच्या रात्रीही सोबत होता. रत्तू निघाले, तर त्यांना परत बोलावलं. या ग्रंथाची प्रस्तावना आणि परिचय यांची टाइप केलेली पानं उशाशी आणून ठेवायला सांगितली. आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रंही. रात्री पुन्हा नजर टाकायची होती.

६ डिसेंबरची सकाळ झाली. बाबासाहेब उठले नाहीत. उशाशी ती पानं होती.

७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर भदंत आनंद कौसल्यायन यांनी अंत्यविधी केले, आणि चितेसमोरच लोकांनी धम्मदीक्षा घेतली. १९५७ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या सिद्धार्थ महाविद्यालयाचं प्रकाशन म्हणून ग्रंथ बाहेर आला. लिहिणाऱ्याने मात्र तो बांधलेला पाहिला नाही. आणखी एक गोष्ट घडली. ज्या प्रस्तावनेत वडील, केळुसकर गुरुजी, माईसाहेब, डॉ. मालवणकर, चिटणीस, रत्तू, प्रकाशचंद या सर्वांचा उल्लेख होता, ती प्रस्तावना त्या आवृत्तीत आलीच नाही. १९८० साली दिल्लीचे भगवान दास यांनी ती छापून लोकांपुढे आणली. तेवीस वर्षं लेखकाचे आभार वाचकांपासून दूर राहिले.

मूळ ग्रंथ इंग्रजीत. आपल्या आई-वडिलांपैकी कितीकांना इंग्रजी येत होतं? घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांनी केलेला मराठी अनुवाद १९७० मध्ये आला. म्हणजे दीक्षेनंतर चौदा वर्षांनी. हिंदी अनुवाद भदंत आनंद कौसल्यायन यांनी केला. काही परंपरानिष्ठ बौद्धांनी ग्रंथावर टीका केली होती की हा बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचा धम्म आहे. भदंतांनी पालीतले आधार शोधून दाखवले. १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या मालेतला अकरावा खंड म्हणून मूळ इंग्रजी ग्रंथ काढला. एके काळी ज्याच्या ५०० प्रती सरकारने घेतल्या नाहीत, तो सरकारनेच छापला!

तर अशी ही वाट. एका मुलाला सत्कारात पुस्तक मिळालं आणि त्याने पन्नास वर्षांनी लाखो घरांना पुस्तक दिलं. मध्ये त्याची नजर गेली, पाय गेले, खुर्ची गेली, पैसा नव्हता, आणि शेवटी वेळही उरला नाही.

आता आपली पाळी. ग्रंथाला हार घालणं वाईट नाही, आम्हीही घालतो. पण ज्या माणसाने बुद्धाला प्रश्न विचारून बुद्ध समजून घेतला, त्याचा ग्रंथ न वाचता नुसता कापडात बांधून ठेवणं त्याला आवडलं असतं का? विहारात जमलेल्या मंडळींना आमची एकच विनंती. आज घरी गेल्यावर ते कापड सोडा. घरातल्या शाळकरी पोराला किंवा पोरीला पहिलं पान मोठ्याने वाचायला सांगा. आणि त्या पोराने तुम्हाला उलट प्रश्न विचारला, तर सुभेदारांसारखं क्षणभर रागवा हवं तर, पण नंतर जवळ बसवून उत्तर द्या. त्या एका प्रश्नातूनच हा ग्रंथ जन्माला आला आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!